ऐकून घेतलं, पुढं काय?

एका लेखात म्हटलंय की एकमेकांच्या गोष्टी ऐकल्या की दुभंगलेला समाज जुळतो, मला अर्धंच पटलं. दक्षिण आफ्रिकेत १९९६ ला वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढं लोक आपापल्या भाषेत बोलले, ते रेडिओवरून घराघरात गेलं, त्यामुळं 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' म्हणायची गोऱ्यांची सोय गेली, हे काम खरंच मोठं. पण २१ हजारांच्या वर लोकांनी जबान्या दिल्या आणि भरपाई कधी, तर २००३ मध्ये, माणशी एकरकमी ३० हजार रँड, आयोगानं सुचवलेल्यापेक्षा कितीतरी कमी! ऐकणाऱ्याला रडू आलं म्हणून सांगणाऱ्याचं घर सावरतं का हो? आणि ज्यांनी खरं ऐकायला हवं होतं ते वर्णभेदी राजवटीचे माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा तर समन्स निघूनही आयोगापुढं फिरकलेच नाहीत.