1000 फुटांवर फिनिश लाइन आणली म्हणजे फसवणूक झाली का? एका कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट वाचली. उत्तर लांबणार हे दिसत होतं, म्हणून इथे वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की अमेरिकेत ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ रेषेत दोन गाड्यांची शर्यत, चालवणाऱ्या एनएचआरए या संस्थेने 2008 मध्ये टॉप फ्युएल आणि फनी कार या नायट्रोवर पळणाऱ्या सगळ्यात वेगवान दोन वर्गांची रेस क्वार्टर माइलवरून, म्हणजे 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणली ते योग्यच केलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की क्वार्टर माइल हाच या खेळाचा जीव आहे, तो कापून प्रेक्षकाला गंडवलं, गाड्या तरी कुठे स्लो झाल्या, उलट आज जास्तच पळतात, ड्रायव्हरला धोका माहीत असतो आणि तो स्वतःच्या मर्जीने बसतो, आणि इतकीच काळजी होती तर ट्रॅक लांब करायचे होते.

गाड्या स्लो झाल्या नाहीत हे तुमचं एकदम खरं आहे, आधी तेच घेऊ. जुन्या 1320 फुटांवर टोनी शूमाकरने 2005 मध्ये ताशी 337.58 मैल काढले होते. नंतर फिनिश लाइन 320 फूट अलीकडे आली, आणि 2017 मध्ये सोनोमाला रॉबर्ट हाइटने फनी कारमध्ये 339.87 मैल काढले, म्हणजे जवळपास 547 किलोमीटर, आणि तेही 305 मीटरच्या आत. म्हणजे स्पीड कमी करणं एवढाच हेतू धरला तर नियम नापास, मान्य.

पण वेग कमी करायचे नियम या लोकांनी आधीही करून बघितले होते. 2004 मध्ये सेंट लुईसजवळच्या मॅडिसनला ड्रायव्हर डॅरेल रसेल टायर फुटून झालेल्या अपघातात गेला, त्यानंतर इंधनातलं नायट्रोमिथेनचं प्रमाण 90 वरून 85 टक्क्यांवर आणलं. शिवाय इंजिनचे फेरे अडवणारा रेव्ह लिमिटर आहे, मागच्या एक्सलचा रेशो ठरवून दिलाय, इंजिन 500 क्युबिक इंचांच्या वर नाही. आता समोर क्रू चीफ, म्हणजे गाडी ट्यून करणारा टीमचा प्रमुख, बसलाय ज्याचं सगळं आयुष्य एका सेकंदाचा हजारावा भाग कमी करण्यात गेलंय, त्याला तुम्ही नायट्रो पाच टक्के कमी दिलं तर तो काय गप्प बसणारे? तो इंधन जास्त ओततो, सुपरचार्जर जोरात फिरवतो, टायमिंग बदलतो, क्लच वेगळा लावतो. फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगणार, तसलाच प्रकार, फक्त या फुग्यात 11 हजार हॉर्सपॉवर आहे. शेवटी 2008 च्या सीझनला नायट्रो परत 90 वर गेलंच.

आणि त्याच वर्षी, 21 जूनला, न्यू जर्सीत इंग्लिशटाऊनला क्वालिफाइंग चालू असताना स्कॉट कलिटाची फनी कार फिनिश लाइनजवळ फुटली. दोन वेळचा टॉप फ्युएल चॅम्पियन, 1994 आणि 95 चा, काही नवखा पोरगा नव्हता. इंजिन फुटलं, आग लागली, पॅराशूटचा काही उपयोग झाला नाही आणि गाडी ताशी 300 मैलांच्या आसपास वेगाने शटडाउन एरियात, म्हणजे फिनिशनंतर थांबायच्या जागेत शिरली, शेवटच्या वाळूतूनही पार निघून गेली, आणि स्कॉट वाचला नाही. दोन आठवड्यांच्या आत 1000 फुटांचा निर्णय झाला आणि जुलैत डेन्व्हरला त्या अंतराची पहिली रेस झाली.

आता तो ट्रॅक बघा. इंग्लिशटाऊन सुरू झालं 1965 ला. त्याच्या फक्त एक वर्ष आधी त्याच न्यू जर्सीत, ग्रेट मेडोजला, डॉन गार्लिट्सने 200 मैलांचा आकडा गाठला म्हणून केवढं कौतुक झालं होतं. म्हणजे ट्रॅक आखला त्या जमान्यात 200 म्हणजे डोक्यावरून पाणी. 300 चा आकडा केनी बर्नस्टीनने 1992 ला गेन्सव्हिलला ओलांडला. वेग दीडपट झाला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, हे शाळेतलं गणित आहे, आणि गाडी थांबवायची जागा मात्र कुठेच सव्वादोनपट झाली नाही.

ट्रॅक लांब करा म्हणणं सोपं आहे हो. पन्नास-साठ वर्षं जुन्या ट्रॅकच्या टोकाला रस्ता असतो, दुसऱ्याची जमीन असते, घरं आलेली असतात. सीझनभर वीसेक ट्रॅकवर रेस होणार, सगळीकडे जमीन कोण विकत घेऊन देणार? फिनिश लाइन अलीकडे आणायला मात्र एक पैसा लागत नाही आणि ते सगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी होतं. 330 मैलांच्या वेगाला 320 फूट म्हणजे पाऊण सेकंदही नाही, हसण्यासारखं वाटतं, पण ते 320 फूट आधी पूर्ण थ्रॉटलवर जात होते आणि आता थांबण्यात जातात. आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे की क्रू चीफ स्पीड परत आणू शकतो, आणलाच, पण त्याला ही जागा ट्यून करून खाता येत नाही. 2005 च्या आणि 2017 च्या गाडीचा वेग जवळजवळ सारखाच, पण 2017 वाल्याकडे थांबायला जवळपास 98 मीटर जास्त.

'ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीने बसतो' हे मला खरंच पटत नाही. 2007 मध्ये टेस्टिंगला एरिक मेडलनची फनी कार टायरमुळे इतकी थरथरली की त्याचं डोकं रोल केजवर, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्यावर आपटत राहिलं, आणि तो वाचला नाही. हा धोका मर्जीने बसणाऱ्याला तरी कुठे माहीत होता? त्यानंतर केज रुंद झाले, पॅडिंग जाड झालं. त्याच वर्षी टेक्सासला अपघातात फनी कारवाल्या जॉन फोर्सचे पाय मोडले, तो बरा झाला आणि 2010 मध्ये 61 व्या वर्षी परत चॅम्पियन झाला. मग नियमांनी धाडस कमी झालं असं कोणी म्हणेल, तर ते कुठे?

आता तर इंजिन फुटलं की इंधन आपोआप बंद होतं, पॅराशूट आपोआप सुटतात, कारण स्फोटानंतर ड्रायव्हर शुद्धीवर असेलच असं नाही. सगळं सुटलंय असंही नाही, 2024 ला व्हर्जिनियात फोर्सच्याच गाडीचं इंजिन फुटून त्याच्या मेंदूला मार बसला.

एका बाबतीत मात्र तुमचा राग योग्य आहे. तेव्हा हा उपाय तात्पुरता म्हणून सांगितला होता आणि तो कायमचा झाला. तिकीट काढणाऱ्याला तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं की आता हेच राहणार.

आणि अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आपली पोरं पूर्ण क्वार्टर माइल पळवतात असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर त्या गाड्या नुसत्या ब्रेकवर थांबतात आणि पुढे धावपट्टी शिल्लक असते, ती तुलना सोडा. क्वार्टर माइलच बघायचा असेल तर एनएचआरएचा प्रो स्टॉक हा नायट्रो न वापरणारा वर्ग आजही पूर्ण 1320 फूट पळतो, 210 मैलांच्या आसपास, आणि दोन गाड्यांमध्ये फरक इतका कमी असतो की फिनिश लाइनपर्यंत कोण जिंकतंय कळत नाही. नायट्रोसारखी जमीन हादरत नाही, तेवढं चालवून घ्या.