कुजक्या वैरणीपासून वॉर्फरिनपर्यंत

विद्यापीठांच्या प्रभावावरील एका लेखात हा प्रभाव शोधनिबंधांना मिळालेल्या संदर्भांच्या संख्येवर, म्हणजे इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले यावर, मोजला आहे. हे माप फार तोकडे आहे. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचेच पाहा.

१९३३ मध्ये एका शेतकऱ्याने तिथे मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणला. गुरांनी स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची बुरशी लागलेली वैरण खाल्ली होती. त्या वनस्पतीतले कुमारिन हे रसायन स्वतः रक्तस्राव घडवत नाही; वैरण नीट न वाळवता साठवली की बुरशीमुळे त्याचे डायकुमारॉल हे रक्त गोठू न देणारे रसायन बनते. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये डायकुमारॉलचे स्फटिक वेगळे केले. त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी रक्त गोठू न देणारे औषध म्हणून मंजूर झाले. कृषी, रसायन, वैद्यक असा हा सरळ प्रवास आहे!

औषध देणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वॉर्फरिन के जीवनसत्त्वाचे पुनर्चक्रण अडवते, त्यामुळे यकृतात रक्त गोठवणारे घटक २, ७, ९ आणि १० अपुरे बनतात. सातवा काही तासांत घटतो, म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) लवकर चढतो. दुसरा मात्र काही दिवस टिकतो, आणि तोवर गुठळी होण्याचा धोका राहतो. त्यामुळे नव्या गुठळीवर हेपॅरिन हे लगेच काम करणारे, रक्त गोठू न देणारे इंजेक्शन किमान पाच दिवस सोबत चालू ठेवतात. आयएनआर वाढला म्हणून हेपॅरिन लगेच थांबवणे घातक ठरते. के जीवनसत्त्व असलेली पालक-मेथी बंद करायची गरज नाही, प्रमाण मात्र रोज साधारण सारखे ठेवावे.