कंपनी काढली म्हणजे वावर वाचलं, हे खरं नाही

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे: "दालमिल टाका की हळद-मिरचीचं कांडप, आधी प्रायव्हेट लिमिटेड काढा. कर्ज बुडालं तरी घर-वावराला हात लागत नाही, टॅक्स कमी बसतो, अनुदान कंपनीलाच मिळतं. एकदा नोंदणी झाली की कटकट संपली." कोणाला नोंदणीचे पैसे देण्याआधी हे वाचा.

घर-वावराचं आधी, कारण सगळ्यात घातक तेच आहे. कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती असते आणि भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागांपुरती, एवढं बरोबर. पण नव्या कंपनीकडे स्वतःचं असतं काय? म्हणून बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, कित्येकदा घर-शेत गहाणही. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. हमीवर सही केली की वसुली तुमच्या दारात येते. कंपनीचा चेक वटला नाही, तर त्यावर सही करणाऱ्या संचालकावरही खटला होऊ शकतो. मर्यादित जबाबदारी कामी येते ती उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यापुढे, तीही तुम्ही त्याला स्वतःची हमी दिलेली नसेल तेव्हाच.

वावरच कंपनीच्या नावावर करून टाकू, असंही काहींच्या मनात येतं. विदर्भाला लागू असलेला 1958 चा कूळकायदा शेतकरी नसलेल्याला शेतजमीन द्यायला अडवतो. त्यातले अपवाद आणि परवानगीची वाट सोडली, तर सातबाऱ्यावर कंपनीचं नाव चढत नाही.

टॅक्सचा हिशेब तर उलटाच आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत एकट्या मालकाला धंद्यातल्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर बसत नाही. कंपनीला अशी सूट नाही. 22 टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला तरी अधिभार-उपकर धरून सुमारे 25 टक्के जातात. म्हणजे 8 लाखांच्या नफ्यावर 2 लाख. संचालकाचा पगार काढून नफा कमी दाखवता येतो, हे खरं. पण उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेला की तो तुमच्या उत्पन्नात पुन्हा मोजला जातो. उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरून कर भरायची सोपी सोयसुद्धा कंपनीला नाही.

"कटकट संपली" हे वाचून मला खरंच राग येतो, कारण कटकट तिथूनच सुरू होते. एका रुपयाचा धंदा झाला नाही तरी सीएकडून ऑडिट करावंच लागतं. दरवर्षी ताळेबंदाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक, असे दोन फॉर्म भरायचे. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन्ही वर्षभर राहिले तर 73,000. सलग तीन वर्षं भरले नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. बंद करायची म्हटली तर आधी थकलेले फॉर्म, वरून 10,000 रुपये शुल्क.

अनुदानाचं थोडक्यात: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे आणि एकट्या मालकालाही मिळते. मुद्रा कर्जाला कंपनी लागत नाही. 2025-26 मध्ये अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेतलं 35 टक्के, कमाल 10 लाखांचं अनुदान एकट्या उद्योजकालाही मिळत होतं.

भागीदार घराबाहेरचा असेल, तर मात्र विचार वेगळा. साध्या भागीदारीत त्याने धंद्यासाठी केलेली देणी तुमच्या अंगावर येतात. तिथे एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कर सरसकट 30 टक्के बसतो, पण उलाढाल 40 लाखांच्या आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेपर्यंत एलएलपी कायद्याचं ऑडिट लागत नाही.