मचाणावरची शिकार: त्या संदेशात काय चुकलंय आणि काय खरं आहे

सप्टेंबर उजाडला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'अमेरिकेत हंगाम सुरू झाला की लोक झाडावर मचाण बांधून बाणाने हरणं मारतात. हरीण कधी वर बघत नाही. बाणाचा आवाज होत नाही, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही. असंच चाललं तर हरणं संपतील. आणि बाण लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं.'

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि गेली काही वर्षं धनुष्य घेऊन मचाणावर बसतो. प्राणी मारणंच ज्यांना मान्य नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझी आई त्याच मताची आहे आणि तिचं म्हणणं मला समजतं. पण या संदेशातली हरणांबद्दलची पहिली तीन विधानं चुकीची आहेत. चौथं मात्र गंभीर आहे, आणि ते या तिघांच्या गर्दीत हरवतं याचंच मला वाईट वाटतं.

हरीण वर बघत नाही, हे मचाणावर एक संध्याकाळ काढलेला माणूस म्हणणार नाही. मचाण असतं जेमतेम पाच-सहा मीटर उंच. एखाद्या वयस्क मादीने एकदा तुम्हाला तिथे पाहिलं, की पुढच्या खेपेला ती त्या झाडाकडे मान वर करून बघतच येते. संशय आला की पुढचा पाय जमिनीवर आपटते, नाकातून फुत्कारते, आणि आसपासची सगळी हरणं पसार होतात. खरं तर डोळ्यांपेक्षा नाकाचीच भीती जास्त. सूर्य कलला की थंड होणारी हवा उतारावरून खाली सरकते आणि आपला वास सोबत नेते. सप्टेंबरच्या उकाड्यात झाडावर चढेपर्यंत अंगाला घाम सुटलेला असतो. अंगाचा वास दाबणारे साबण आणि कपडे वापरून पाहिले, पण वारा उलटा फिरला तर त्यांचा उपयोग नाही. मग आणखी उंच बसावं, तर बाण फार तिरपा उतरतो आणि एकाच फुप्फुसाला लागण्याचा धोका वाढतो.

आवाजाचं गणित तर कागदावर मांडता येतं. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) बाण सेकंदाला साधारण 85 मीटर जातो, आवाज 340 मीटर. हरीण 27 मीटरवर असेल तर प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कानी 0.08 सेकंदात पोचतो आणि बाण 0.32 सेकंदात. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं, आणि छातीवर नेम धरलेला बाण पाठीवरून निघून जातो, किंवा नको तिथे लागतो. म्हणून मी 18 मीटरच्या पलीकडे बाण सोडत नाही, आणि कान टवकारलेल्या हरणावर तर जवळूनही नाही.

हरणं संपतील, हे तर इतिहासालाच धरून नाही. 1900च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं अमेरिकेत अंदाजे पाच लाखांवर आली होती. ती बेबंद बाजारी शिकारीमुळे, मांस आणि कातडी विकण्यासाठी. आज अंदाज तीन कोटींच्या आसपास आहे. त्या शिकारीला कायद्याने आळा बसला, ठरावीक हंगाम आणि परवाने आले, आणि 1937च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लागला. पुढे धनुष्यबाणांवरही 11 टक्के कर बसला. विस्कॉन्सिनने 1934 मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) फक्त धनुष्यबाणाचा हंगाम ठेवला, आणि तेव्हापेक्षा आज इथे हरणं कमी नाहीत.

मात्र हा युक्तिवाद कुणी उचलून महाराष्ट्रात लावू नये. ताडोब्यातलं चितळ वाघाचं आणि रानकुत्र्यांचं अन्न आहे, आणि 1972च्या कायद्याने तिथली शिकार बंद आहे ती योग्यच आहे. माझ्या भागात, दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये, लांडगे जवळपास नाहीत. हरणांची संख्या आवरणारं दुसरं फारसं कुणी उरलेलं नाही.

आता तडफडण्याचं. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या रुंद टोकाची, पाती धारदार असतात. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण शंभरेक मीटर पळतं आणि बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत कोसळतं. पण प्रत्येक बाण तिथे लागत नाही. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर 1989 ते 2006 अशी नोंद ठेवली गेली. बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के शिकाऱ्यांच्या हाती आलीच नाहीत. तिथले शिकारी नवखे नव्हते, नेमबाजीची चाचणी देऊन आलेले होते. त्यातली काही जगली असतील, पण सगळी नाही. 'बाण म्हणजे झटपट मरण' असं सांगणारे माझे शिकारी मित्र हा आकडा टाळतात, आणि तिथे मी संदेश पाठवणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

हंगामाच्या सुरुवातीला हे आणखी बिकट होतं. झाडं पानांनी भरलेली असतात, मधली बारीक डहाळी बाणाची दिशा बदलते, आणि रक्ताचा माग झुडपांत हरवतो. बाण पोटात लागला तर आठ तास तरी त्याच्या मागावर जायचं नसतं, कारण आधी गेलं तर जखमी हरीण उठून आणखी लांब जातं. पण मांस टिकायला ते लवकर 4 अंशांच्या खाली न्यावं लागतं, आणि सप्टेंबरची रात्र कधीकधी 20 अंशांवर असते. थांबलं तर मांस जातं, न थांबलं तर हरीणच जातं. माग काढणारा कुत्रा दोरीला बांधून न्यायची इथे मुभा आहे, आणि तो आणू शकणाऱ्या माणसाशी आधी बोलून ठेवल्याशिवाय मी आता मचाणावर चढत नाही. रात्र 15 अंशांच्या वर राहणार असेल, तर त्या दिवशी धनुष्य घरीच राहतं.