बंद करणे बंद करा

आमच्या एचआरच्या मॅडम ‘एक छोटंसं काम होतं’ असे म्हणत माझ्या टेबलाशी आल्या की मी शहाणपणाने आधी डबा खाऊन घेतो. त्या दिवशी सकाळचे सव्वादहाच वाजले होते, त्यामुळे तोही उपाय हाताशी नव्हता. सुट्ट्यांची यादी, सहकाऱ्यांचे वाढदिवस आणि कँटीनचा मेनू असलेले कंपनीचे अंतर्गत पोर्टल कोणीच उघडत नाही, अशी मॅडमची तक्रार होती. तेव्हा सकाळी कोणीही क्रोम उघडले की समोर तेच आले पाहिजे. ‘होमपेजच बदलायचंय ना? आमच्या मुलीनं परवा घरी दोन मिनिटांत केलं,’ असेही त्या जाता जाता म्हणाल्या.

त्यांच्या घरी एक संगणक आहे. आमच्या पुण्याच्या कार्यालयात साडेतीनशे आहेत, आणि त्यांचे पालकत्व माझ्याकडे व एका शिकाऊ मुलाकडे आहे. इतक्या संगणकांपाशी जाऊन कोणी सेटिंग बदलत बसू नये म्हणून विंडोज २००० बरोबर ग्रुप पॉलिसी नावाची सोय आली. एका जागी बसून पॉलिसी नावाचे फर्मान काढायचे आणि ते साऱ्या राज्यात आपोआप पोहोचायचे, अशी ती योजना आहे. योजना फार सुंदर आहे. फक्त फर्मान काढणारा आणि राज्य यांच्यामध्ये इतके कारकून बसवलेले आहेत की, फर्मान पोहोचेपर्यंत ते कशासाठी काढले होते याचा काढणाऱ्यालाच विसर पडतो.

पहिली अडचण म्हणजे विंडोजला क्रोमची सेटिंग्ज मुळात ठाऊकच नसतात. त्यासाठी गूगलकडून टेम्प्लेट्स, म्हणजे सेटिंग्जचे कोरे फॉर्म, उतरवून घ्यायची आणि डोमेन कंट्रोलरवरच्या (हा कार्यालयातले सारे संगणक आणि खाती सांभाळणारा सर्व्हर) सिसव्हॉल या सामायिक जागेत पॉलिसी डेफिनिशन्स नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवायची. प्रत्येक टेम्प्लेट दोन फायलींत येते. एकीत सेटिंग असते, आणि भाषेच्या नावाच्या वेगळ्या उपफोल्डरात ठेवायच्या दुसरीत त्या सेटिंगचे नाव आणि वर्णन असते. दुसरी फाइल विसरली की पॉलिसीचा एडिटर उघडताच, पत्रिका आली पण त्यावर वधूवरांची नावेच नाहीत, अशा थाटात कुरकुर करतो. मी दुसरी फाइल विसरलो होतो.

त्यानंतर होमपेज शोधायला घेतले. क्रोम उघडल्यावर जे पान दिसते ते होमपेज, असे मॅडमसकट सगळ्या जगाला वाटते. क्रोमला तसे वाटत नाही. त्याच्या लेखी घराचे चित्र असलेले बटण दाबल्यावर येते ते होमपेज. हे बटण एरवी दिसतच नाही, म्हणून ते दाखवण्यासाठी दुसरी पॉलिसी. होमपेज म्हणजे कोरा नवा टॅब नव्हे, हे क्रोमला बजावण्यासाठी तिसरी. सकाळी ब्राउझर उघडल्यावर काय यावे याच्याशी या तिघींचा काडीचा संबंध नाही; ते ठरवणारी चौथी, आणि तिच्यात ‘पानांची यादी उघडा’ असे निवडले की ती यादी देण्यासाठी पाचवी. मॅडमच्या मुलीने दोन मिनिटांत केले ते याच पाचांपैकी नेमके कोणते, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

या यंत्रणेतल्या प्रत्येक सेटिंगला साधारणपणे तीन उत्तरे असतात: एनेबल्ड, डिसेबल्ड आणि नॉट कॉन्फिगर्ड. पहिली दोन म्हणजे होकार आणि नकार. तिसरे म्हणजे मुलगी पाहून गेलेल्या मंडळींचे ‘कळवतो’. होकार नाही, नकार नाही, आणि मधल्या काळात तुमच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी निर्णय घेऊन टाकलेला असतो. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण विंडोजमधल्या पॉलिसींची नावे ठेवणाऱ्यांना सरळ बोलण्याची ॲलर्जी असावी. ‘टर्न ऑफ ऑटोप्ले’ ही पॉलिसी एनेबल केली की ऑटोप्ले, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप सुरू होणे, बंद होतो. ‘डू नॉट डिस्प्ले द लॉक स्क्रीन’ डिसेबल केली की लॉक स्क्रीन दिसते, कारण न दाखवणे आपण चालू केले नाही. वॉलपेपर कोणाला बदलता येऊ नये म्हणून ‘बदलण्यास प्रतिबंध’ चालू करायचा. बदलता यावा म्हणून प्रतिबंध बंद करायचा. दिवसभर हे केल्यावर मी एकदा घरी पंख्याच्या बटणापाशी काही क्षण थबकून उभा राहिलो होतो. ‘काय झालं?’ असे बायकोने विचारले. बंद करणे बंद करावे की चालू करावे, याचा मी विचार करत होतो, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

पाची पॉलिसी भरून झाल्यावर मी त्या आधी फक्त एचआरच्या गटावर चालवून पाहायचे ठरवले. पॉलिसी कोणाला लागू, त्या यादीतून ‘ऑथेंटिकेटेड युझर्स’ हा माणसे आणि संगणक दोन्ही मोडणारा सर्वसमावेशक गट काढला आणि तिथे एचआरचा गट घातला. मॅडम माझ्या मागे उभ्या राहून ‘आलं का?’ असे विचारू लागल्या. आता संगणक नवे फर्मान आपणहून दर ९० मिनिटांनी विचारायला येतो, आणि सगळ्यांनी एकदम येऊन सर्व्हरपुढे झुंबड करू नये म्हणून त्या ९० मिनिटांत शून्य ते ३० मिनिटांची वाढ प्रत्येक जण आपापल्या मनाने करतो. पुण्यात पाण्याची वेळ सांगावी तसे हे आहे: येईल, पण नळ उघडा ठेवून बसू नका. मॅडम बसल्या. मी शेवटी त्यांच्या संगणकावर जीपीअपडेट ही आज्ञा ‘फोर्स’ लावून दिली. पॉलिसी यशस्वीपणे अद्ययावत झाल्याचा संदेश आला, क्रोम उघडला, आणि समोर कोरा टॅब.

पुढचा दीड तास मी जीपीरिझल्ट नावाच्या अहवालाकडे पाहत होतो. कोणते फर्मान लागू झाले आणि कोणते का झाले नाही, हे सांगणे त्याचे काम. माझ्या पॉलिसीपुढे त्याने लिहिले होते: ‘लागू नाही, कारण अज्ञात.’ सरकारी कचेरीतही निदान ‘साहेब जेवायला गेलेत’ इतके तरी सांगतात. अखेर उलगडा झाला तो असा. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक बदल केला. तोवर वापरकर्त्याची पॉलिसी वापरकर्त्याच्याच नावाने आणली जाई. तेव्हापासून ती संगणकाच्या नावाने आणली जाते. मी मॅडमच्या गटाला परवानगी दिली होती, पण मूळ गट काढून टाकताना त्यांच्या संगणकाची ती पॉलिसी वाचण्याची परवानगीही काढून घेतली होती. म्हणजे पाहुण्यांचे नाव सोसायटीच्या वहीत होते. ते ज्या रिक्षातून यायचे होते, ती वॉचमनने फाटकावरच अडवली होती. संगणकांना नुसती वाचण्याची परवानगी दिली आणि पोर्टल अवतरले. कँटीनमध्ये त्या दिवशी पडवळ होते.

चाचणी पार पडल्यावर मी मूळ गट परत घालून पॉलिसी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या ओयूला जोडली. ओयू म्हणजे संगणकांचे आणि माणसांचे कप्पे. तिथे माझी गाठ माझ्या पूर्वसुरींच्या वारशाशी पडली. ते गृहस्थ आता परदेशी असतात, सुखात असतात, आणि त्यांनी मागे ६३ पॉलिसी ठेवल्या आहेत. त्यांची नावे ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘टेस्ट नवीन फायनल’ आणि ‘हात लावू नये’ अशी आहेत. ‘हात लावू नये’ मध्ये काहीच नाही, हे मी हात लावून पाहिले आहे.

पॉलिसी कोणाची चालणार, हा प्रश्न एकत्र कुटुंबासारखा सुटतो. आधी संगणकाची स्वतःची, मग साइटची, म्हणजे ठिकाणाची, मग डोमेनची, म्हणजे साऱ्या राज्याची, मग ओयूची, मग ओयूच्या आतल्या ओयूची. ज्याचा शब्द शेवटचा, त्याचे खरे. एखाद्या पोटओयूला वरच्यांचे ऐकायचेच नसेल तर ‘ब्लॉक इनहेरिटन्स’ लावून वेगळी चूल मांडता येते. परंतु वरच्या पॉलिसीला ‘एन्फोर्स्ड’, म्हणजे सक्तीची, केले, तर ती आजी होते. चूल वेगळी असली तरी चतुर्थीला तिच्यावर कांदा पडत नाही.

अकाउंट्सने कधीकाळी अशी वेगळी चूल मांडली होती. का, ते पूर्वसुरींनाच माहीत. सगळ्या कार्यालयात पोर्टल आले, अकाउंट्समध्ये आले नाही. अहवालात या वेळी कारण स्पष्ट होते, ‘ब्लॉक्ड एसओएम’, म्हणजे वरून येणारी वाट अडवलेली. मॅडमचा तिसरा फोन आल्यावर मी माझ्या पॉलिसीला आजी केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अकाउंट्समधले काका स्वतः चालत माझ्यापर्यंत आले. काका जागेवरून उठतात ते ३१ मार्चला आणि चहाला. ‘माझी पानं कुठं गेली?’ त्यांनी विचारले. काका संध्याकाळी क्रोम बंद करत आणि सकाळी उघडला की आदल्या दिवशीचे सतरा टॅब जसेच्या तसे परत येत: जीएसटीचे, बँकेचे, प्राप्तिकराचे, आणि कोपऱ्यात एक रेल्वेच्या तिकिटांचा. माझ्या चौथ्या पॉलिसीने ‘यादीतलीच पाने उघडा’ असे बजावल्यामुळे ‘काल जिथे थांबलात तिथून पुढे’ ही सोय आपोआप संपली होती. सतराच्या जागी काकांना तीन वाढदिवस आणि पडवळाची जागा घेतलेली दोडकी दिसत होती. शिवाय क्रोमच्या मेनूत हा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो, अशी ओळ त्यांना प्रथमच दिसली होती. ‘म्हणजे तुम्ही बघता का मी काय उघडतो ते?’ त्यांनी आवाज खाली आणून विचारले. मी नाही म्हणालो. त्यांनी रेल्वेचा उल्लेख कुठे करू नका, असे बजावले.

काकांसाठी अपवाद केला, आणि त्याच दिवशी चार वाजता मोठे साहेब पाहुण्यांना पोर्टल दाखवायला कॉन्फरन्स हॉलमध्ये बसले. त्यांनी स्वतःच्या नावाने लॉगइन केले. क्रोममध्ये कोरा टॅब आला. मागे, पडदाभर, पणत्या आणि ‘शुभ दीपावली’ असा वॉलपेपर होता. बाहेर जुलैचा पाऊस पडत होता. हॉलचा संगणक त्याच्या स्वतंत्र ओयूत असून त्यावर पूर्वसुरींनी लूपबॅक लावलेला होता, आणि तोही ‘रिप्लेस’ प्रकारचा. म्हणजे तिथे साहेब बसोत की शिपाई, माणसाच्या पॉलिसी दाराबाहेर राहतात आणि त्या खोलीच्याच लागू होतात. खोलीच्या पॉलिसीत, ‘टेस्ट नवीन’ या नावाखाली, कोण्या एका वर्षीची दिवाळी होती. रोज तिथे बसणाऱ्यांना ती भिंतीच्या रंगासारखी सवयीची झाली होती.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला बोलावले. ही खोली माणसाचे ऐकत नाही, असे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले, आणि पोर्टल उद्यापर्यंत तिथेही लावतो, दिवाळी काढून टाकतो, असे आश्वासन दिले.

‘पोर्टल लावा,’ साहेब म्हणाले, ‘पण ते चित्र काढू नका. पाहुण्यांना फार प्रसन्न वाटलं. उलट ते सगळ्यांच्याच संगणकांवर का नाहीये?’

मी जागेवर येऊन नवी पॉलिसी उघडली. नाव विचारणारा चौकोन समोर आला. घड्याळात पावणेसात झाले होते, शिकाऊ मुलगा घरी गेला होता, आणि दिवाळी, जुलै, साहेब व पणत्या या सगळ्यांना सामावून घेणारे समर्पक नाव काही केल्या सुचेना. शेवटी मी ‘टेस्ट नवीन फायनल २’ असे टंकले आणि ओके दाबले.