पाच कोटी, मागचा बाक आणि आत्याची न झालेली सही

रविवारी सकाळी ठाण्यातल्या कोपरीत सह्या गोळा करत फिरत होतो. मागणी साधी आहे: ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या, गर्दीच्या वेळच्या फेऱ्या वाढवा. सकाळी साडेआठला ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटांवरून ज्यांनी ऐरोली, घणसोलीची गाडी पकडली आहे, त्यांना वेगळं काही सांगायला नको. निवेदन खासदारांमार्फत रेल्वेमंत्र्यांकडे द्यायचं ठरलंय. पहिली सही आत्याची घ्यायची म्हणून तिच्याकडे आधी गेलो. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेली बाई. तिने कागद वाचला, बाजूला ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे वाच आधी. मागच्या बाकावरच्या, मंत्री नसलेल्या खासदाराच्या हातात काही नसतं रे. सही करून काय होणार?"

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत चार वेळा आला. थोडक्यात असा: खासदाराला दरवर्षी पाच कोटी मिळतात, पाच वर्षांचे पंचवीस कोटी तो खिशात घालतो, तेच पैसे वाटले असते तर ठाण्यातल्या प्रत्येक मतदाराला एक लाख मिळाले असते. मंत्री नसलेला खासदार नुसता बाक वाजवतो, त्याला प्रश्न विचारायलाही मंत्र्याची परवानगी लागते. संसदेत फुकटात जेवतो, कर भरत नाही, एक दिवस खासदार राहिला तरी जन्मभर पेन्शन घेतो. आपल्या दारातला खड्डा मात्र बुजवत नाही. म्हणून त्याला निवेदनं देऊ नका, लोकसभेला मतदानही करू नका.

आधी ते एक लाख. २०२४ साली ठाणे लोकसभा मतदारसंघात सुमारे २५ लाख मतदार होते. पंचवीस कोटी भागिले पंचवीस लाख. आत्यापुढे लाइटबिल पडलं होतं, त्याच्या मागे तिला हा भागाकार करायला लावला. तिने शून्यं मांडली, एकेक खोडत गेली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मांडली. उत्तर शंभर आलं. शंभर रुपये, तेही पाच वर्षांचे मिळून. म्हणजे वर्षाला वीस रुपये. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत आमच्या ग्रुपवरचे दोन हिशेबनीस आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. एकानेही भागाकार करून पाहिला नाही, याचा मला खरोखर राग आला.

आणि पैसे "मिळतात" हेच मुळात खोटं आहे. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी प्रत्येक खासदारामागे पाच लाख होते, पुढे एक कोटी, दोन कोटी आणि २०११-१२ पासून पाच कोटी. योजनेची मार्गदर्शक तत्त्वं सरकारने छापलेली आहेत, कुणालाही वाचता येतात. मी ती बसून वाचली. खासदार फक्त कामाची शिफारस करतो. काम नियमात बसतं का हे जिल्हा प्रशासन तपासतं, मंजुरी तेच देतं आणि काम करून घेणारी यंत्रणाही तेच ठरवतं. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत तर पैसे मधल्या खात्यांत पडूनही राहत नाहीत. काम झालं की बिल ऑनलाइन चढतं आणि रक्कम थेट काम करणाऱ्याच्या खात्यात जाते. खासदाराच्या खात्याचा या वाटेत कुठेच संबंध नाही. एकेका व्यक्तीला लाभ द्यायला या निधीची परवानगी नाही, अपंगांच्या तीनचाकीसारखे मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे वीस रुपयेसुद्धा वाटता आले नसते. उलट झालेल्या कामावर पाटी लावणं बंधनकारक आहे: कोणाच्या निधीतून, कोणत्या वर्षी, किती खर्च. अशी पाटी तुम्ही रोज ओलांडून जाता. बसथांब्याच्या मागे, वाचनालयाच्या भिंतीवर, बागेच्या फाटकाशी. पुढच्या वेळी थांबून आकडा वाचा आणि काम त्या किमतीचं वाटत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. खरा जाब असा विचारतात.

शिवाय हा मतदारसंघ मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत पसरलेला आहे. सहा विधानसभा मतदारसंघ. पाच कोटी सहांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला त्र्याऐंशी लाख येतात. या पैशांत शहर बदलत नसतं. खासदाराची खरी ताकद या निधीत नाहीच. ती जिथे आहे, नेमकी तीच गोष्ट या मेसेजने पुसून टाकली आहे, आणि माझं खरं भांडण तिथे आहे.

मंत्र्याची परवानगी लागते म्हणे. लागत नाही. प्रश्न स्वीकारायचा की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. दिवसाला वीस तारांकित प्रश्न, ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं, आणि २३० अतारांकित, ज्यांना लेखी उत्तर. कोणाचा नंबर लागणार हे सोडतीवर. सोडतीत पुढचा बाक, मागचा बाक असा भेद नसतो. अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास, मग तातडीचे विषय मांडायचा शून्य प्रहर, शिवाय नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय मांडायची सोय. तारांकित प्रश्नाची संधी क्वचित मिळते, बारा वाजले की यादीतले उरलेले प्रश्न तोंडी उत्तराविना राहतात, हे खरं आहे. पण लेखी उत्तर येतंच, आणि ते उत्तर म्हणजे सरकारचा कागद असतो. त्यात मंत्र्याने "करू", "विचाराधीन आहे" असं लिहिलं तर त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. आश्वासन तीन महिन्यांत पाळायचं असतं, आणि ते पाळलं की नाही हे पाहायला लोकसभेची वेगळी समिती आहे. आपल्या चारशे सह्यांचं निवेदन नुसतं रेल्वेच्या कार्यालयात दिलं तर पोच मिळते. तेच खासदाराच्या प्रश्नातून गेलं तर उत्तर मिळतं, तारखेसकट, मंत्र्याच्या नावाने.

ठाण्यापासून दिव्यापर्यंतच्या रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं पाहा. मंजुरी २००८ ची, गाड्या धावल्या १८ फेब्रुवारी २०२२ ला. इतकी वर्षं लोक दारात लटकत राहिले. असं रखडलेलं काम दर अधिवेशनात उकरून काढणारा माणूस दिल्लीत असावा लागतो, आणि त्याला तो विषय देणारे आपण असावे लागतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ चालत्या गाडीतून पडून माणसं गेली. त्यानंतरही कुणी "निवेदनं देऊ नका" असं लिहून पाठवत असेल, तर त्याला मी निरुपद्रवी समजायला तयार नाही.

मागच्या बाकावरून काय होतं याचा इतिहासही आहे. फिरोज गांधी मंत्री नव्हते, सत्ताधारी पक्षाचे साधे खासदार होते. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी लोकसभेत मुंदडा प्रकरण काढलं: आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर कसे आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतले? चौकशीसाठी नेमलेल्या छागला आयोगाची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. संसदेतलं कामकाज छापलं म्हणून वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, यासाठीचं १९५६ चं खासगी विधेयकही, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, त्यांचंच. मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ निकालात म्हटल्यावर कोकणातले खासदार नाथ पै यांनी घटनादुरुस्तीच्या अधिकाराचं विधेयक मांडलं, तेही खासगीच. तेव्हा देशभर वाद झाला. आणि आपल्या ठाण्याचेच खासदार राहिलेले रामभाऊ म्हाळगी आपण काय काम केलं याचा अहवाल दरवर्षी लोकांपुढे ठेवायचे. त्यांचा पक्ष कोणता हा मुद्दा नाही. आत्याला ते आठवतात, आणि तरीही ती म्हणते की काही होत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य कराव्या लागतील. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे विधेयकांवर हात वर करण्यात मागच्या बाकाचं स्वातंत्र्य फारसं उरलेलं नाही. खासगी विधेयकांपैकीही स्वातंत्र्यानंतर फक्त चौदा कायदे झाले, शेवटचं १९७० साली. आणि हो, प्रश्न विकले गेलेत. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. ही लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, ती झाकायचं कारण नाही. पण जो प्रश्न विचारून काहीच होत नाही, त्यासाठी कोण कशाला पैसे मोजेल? ज्यांना प्रश्नाची किंमत कळते ते तो विकत घ्यायला निघतात, आणि आपल्याला तो फुकट विचारून घ्यायचा आहे तर आपण सहीसुद्धा करत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. संसदेच्या उपाहारगृहातलं अनुदान जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हा शाकाहारी थाळी शंभर रुपयांची झाली. करही लागतो: वेतन महिन्याला १ लाख २४ हजार, त्यावर प्राप्तिकर आहे. काही भत्त्यांना सूट मिळू शकते, तेवढं खरं. पेन्शनचं मात्र बरोबर आहे. महिन्याला ३१ हजारांपासून सुरू होते आणि किमान मुदतीची अट नाही. आयुष्यभर नोकरी करून पेन्शन न मिळालेल्या माणसाला हे खुपणारच, मलाही खुपतं. त्यावर जरूर बोला, पण खऱ्या आकड्यांनिशी बोला.

आणि खड्डा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात अठरा विषय आहेत: रस्ते, पाणीपुरवठा, कचरा, गटारं, पथदिवे. हे महापालिकेचं काम. गल्लीतल्या खड्ड्यावर लोकसभेत प्रश्न दिला तर तो स्वीकारलाच जाणार नाही, कारण प्रश्न केंद्राच्या अखत्यारीतला असावा लागतो. रेल्वे केंद्राची आहे. म्हणून खड्ड्याचा अर्ज नगरसेवकाकडे आणि गाड्यांचं निवेदन खासदाराकडे. आणखी एक: आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकून ठाण्याच्या खासदारांना शिव्या घालणारे एक गृहस्थ कळव्याला राहतात. कळवा-मुंब्रा कल्याण मतदारसंघात येतं. आपला खासदार कोण हे माहीत नसताना तो काही करत नाही, हे त्यांनी कशावरून ठरवलं?

तुमच्या खासदाराने किती प्रश्न विचारले, कोणत्या विषयावर आणि उत्तर काय आलं, हे सगळं लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी आहे. पाहा, आणि कमी असतील तर भेटून विचारा. मंत्र्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर ओरडू नका, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

यातलं बरंचसं मी आत्याला तोंडी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग निवेदन पुन्हा हातात घेतलं आणि लाल पेन मागितलं. "'फेऱ्या वाढवा' असं मोघम काय लिहिलंयस? सकाळी आठ ते दहा या वेळात आत्ता किती गाड्या सुटतात, किती हव्यात, ते आकड्यात लिही. आणि शेवटी विनंती नको, प्रश्न लिही, म्हणजे त्यांना तो तसाच देता येईल. दुरुस्त करून आण, मग सही करते."

त्यासाठी उद्या आठ वाजता नऊ नंबर फलाटावर गाड्या मोजायला उभा राहणार आहे. कोपरीतलं कुणी त्या वेळी तिथे असेल तर दहा नंबरच्या गाड्या मोजायला एक माणूस हवा आहे.