वजन परत चढलं म्हणून लगेच दुसरं ऑपरेशन? आधी कारण शोधा

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीने मला एक मेसेज पाठवला. "ताई, हे वाच, अगदी तुझंच आहे." आठवड्याभरात तोच मेसेज आणखी तिघांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: गॅस्ट्रिक बायपासनंतर (वजन कमी करण्याचं ऑपरेशन, यात पोटाचा वरचा छोटा भाग, म्हणजे पाउच, वेगळा करून थेट आतड्याला जोडतात) वजन परत वाढलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं. जास्त खाऊन पाउच ताणला गेला, हेच कारण. पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घ्या, पाउच 'रिसेट' होईल. नाही झाला तर रिव्हिजन सर्जरी, म्हणजे पहिल्या ऑपरेशनची दुरुस्ती, करा, वजन पहिल्यासारखंच झरझर उतरेल. आणि वजनाची इंजेक्शनं घेऊ नका, ती पळवाट आहे.

माझा बायपास होऊन ७ वर्षं झाली. ११८ किलोवरून मी ७४ वर आले आणि मग हळूहळू ८९ वर गेले. रिव्हिजन मागायला सर्जनपुढे बसले होते, तेव्हा माझ्याही डोक्यात हेच सगळं होतं. त्यामुळे हा मेसेज नुसता पुसून टाकणं मला जमलं नाही.

"वजन वाढलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं."

बायपासनंतर वजन सगळ्यात खाली येतं ते साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत. त्यानंतर थोडं परत येणं हे बहुतेकांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, १० वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. अमेरिकेत युटामधल्या रुग्णांचा १२ वर्षं पाठपुरावा झाला. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो उतरलेले होते, १२ वर्षांनी ३५. म्हणजे दहा किलो परत आले, पण पस्तीस आले नाहीत. माझे ४४ पैकी १५ परत आले, हे जास्तच, आणि काळजी करण्यासारखंही. पण उरलेले २९ किलो मोजायचेच नाहीत, हे मला मान्य नाही.

"जास्त खाऊन पाउच ताणला गेला."

मेसेजमधलं सगळ्यात जास्त दुखावणारं वाक्य हेच, आणि अर्धवटही हेच.

पाउच बनवतात तेव्हा तो साधारण ३० मिलिलिटरचा असतो, अंड्यापेक्षाही लहान. तो जिवंत स्नायूचा आहे, काळाबरोबर थोडा सैलावतोच. नुसत्या त्याच्या आकारावरून वजन का वाढलं ते कळत नाही. पाउच आणि आतडं यांच्यातला जोड रुंदावला असेल, साधारण २ सेंटीमीटरच्या वर गेला असेल, तर अन्न लवकर खाली उतरतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. काही जणांत पाउच आणि बाजूला ठेवलेलं जुनं पोट यांच्यात वाट तयार होते, तिला फिस्टुला म्हणतात. हे खरे बिघाड आहेत आणि ते तपासणीत दिसतात. पण रचना जशीच्या तशी असूनही वजन वाढतं. उतरलेलं वजन शरीराला परत हवं असतं, भूक वाढते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते.

माझी एन्डोस्कोपी झाली. डॉक्टरांनी नंतर पडद्यावरचं चित्र दाखवलं: गुलाबी, गोल तोंड, जोड दीड सेंटीमीटर, फिस्टुला नाही, अल्सर नाही. बाहेर येऊन मी रडले. बिघाड सापडला असता तर दोष माझा नव्हता असं तरी म्हणता आलं असतं.

मग डाएटिशियनने दोन गोष्टी मागितल्या. दहा दिवसांची खाण्याची नोंद, आणि ऑपरेशननंतर मला लिहून दिलेली सगळी प्रिस्क्रिप्शनं. एका दिवसाच्या नोंदीत दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात अकरा ओळी निघाल्या. अर्धं बिस्किट, मूठभर दाणे, गोड कॉफी, पुन्हा अर्धं बिस्किट. त्यातल्या एकानेही पाउच भरला नसता, ताणणं तर दूरच. मऊ आणि पातळ पदार्थ जोडातून सरळ घसरतात, पोट भरतच नाही.

प्रिस्क्रिप्शनांत आणखी एक गोष्ट सापडली. चौथ्या वर्षी मायग्रेनसाठी मला अमिट्रिप्टिलिन सुरू झालं होतं. वजनाची वही शेजारी ठेवली. दीड वर्ष ७५ ते ७७ च्या मध्ये असलेला आकडा गोळी सुरू झाल्यानंतरच्या महिन्यापासून चढत गेला होता. या गोळीने वजन वाढू शकतं हे डॉक्टरांना जुनंच माहीत आहे, पण हे दोन कागद तोपर्यंत कुणी शेजारी शेजारी ठेवलेच नव्हते. मीही नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांवरची काही औषधं यांचंही असंच होऊ शकतं. कुठलंही औषध मनाने बंद करू नका. पर्याय आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. थायरॉईडची तपासणी, नैराश्य, झोप, दारू हेही बघायचं असतं. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि तिची सवय लागण्याचा धोका वाढतो, हे ऑपरेशनआधी प्रत्येकाला नीट सांगायला हवं.

"पाच दिवसांत पाउच रिसेट होतो."

होत नाही. पातळ पदार्थांवर राहून ना पाउच आकसतो, ना जोड. पहिल्या दिवसांत वजनकाट्यावर जे उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, नेहमीचं खाणं सुरू झालं की ते परत येतं. ज्याचं प्रोटीन आणि लोह आधीच कमी आहे, त्याने हा प्रयोग करूच नये.

"रिव्हिजन केली की वजन पहिल्यासारखं उतरतं."

रिव्हिजनला माझा विरोध नाही. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या एका मैत्रिणीला फिस्टुला निघाला. तिला सतत आम्लपित्त, दुखणं, अल्सर, आणि खाल्लेलं जुन्या पोटात जात होतं. तिने दुरुस्ती करून घेतली ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की 'रिव्हिजन' हे एका ऑपरेशनचं नाव नाही. कुणाचा जोड तोंडातून नळी घालून टाके घेऊन अरुंद करतात. कुणाचा पाउच लहान करतात, कुणाच्या पाउचभोवती रिंग बसवतात, कुणाच्या आतड्याचा अन्न शोषणारा भाग आणखी कमी करतात. यातलं काय करायचं ते कारणावर ठरतं.

पहिल्या वेळी पोट कोरं असतं. दुसऱ्या वेळी आत चिकटलेले पडदे, जुने टाके, बदललेला रक्तपुरवठा. ऑपरेशन लांबतं आणि गळतीसारख्या गुंतागुंतीचा धोका वाढतो. फळही साधारणपणे पहिल्याइतकं मिळत नाही. तोंडातून जोड अरुंद करण्याचा धोका त्या मानाने कमी, पण त्याने उतरतं ते त्या वेळच्या वजनाच्या सरासरी ८ ते ९ टक्के. आतडं आणखी वळवलं तर वजन जास्त उतरतं, पण जुलाब, प्रोटीनची गंभीर कमतरता, ए, डी, ई, के या जीवनसत्त्वांची कमतरता हे सगळं बरोबर येतं. काहींना ते ऑपरेशन पुन्हा उलटवावं लागतं. मैत्रिणीच्या आणि माझ्या फायलीवर वरून एकच शब्द लिहिलेला होता, पण तिच्यात दुरुस्त करायला काहीतरी होतं, माझ्यात नव्हतं.

"इंजेक्शनं म्हणजे पळवाट."

बायपासच्या परिणामात जीएलपी-१ सारख्या, भूक कमी करणाऱ्या आतड्यातल्या हार्मोन्सचाही वाटा असतो. ही इंजेक्शनं त्याच वाटेने काम करतात, मग एक इलाज आणि दुसरी पळवाट कशी? २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका लहान चाचणीचा निकाल आला. ऑपरेशननंतर पुरेसं वजन न उतरलेल्या ७० जणांपैकी काहींना यातलंच एक औषध, लिराग्लुटाइड ३ मिलिग्रॅम, दिलं होतं, बाकीच्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. २४ आठवड्यांत औषध मिळालेल्यांचं वजन सरासरी जवळजवळ ९ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटाचं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. औषध बंद केलं की वजन पुन्हा चढतं, मळमळ होते, ते सगळ्यांना चालत नाही, हेही खरंच. पण पुन्हा पोट उघडण्याआधी या पर्यायावर बोलणी तरी व्हायला हवीत. माझी मायग्रेनची गोळी बदलली, दुपारच्या नोंदी अकरावरून दोनवर आल्या, इंजेक्शन सुरू झालं. आज मी ८१ वर आहे.

तुम्ही रिव्हिजनसाठी भेट ठरवली असेल तर पहिल्या ऑपरेशनची नोट सोबत न्या. पाउच केवढा ठेवला, आतड्याचा कुठला भाग किती सेंटीमीटर वळवला, हे त्यात लिहिलेलं असतं, डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसतं. मला ती मिळवायला तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. अर्ज आधीच करून ठेवा.